ब्राउझर अपडेट करताना होणारे घोळ आणि ते कसे टाळायचे (नवीन लोकांसाठी)

माझ्या लॅपटॉपवर क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल बटण जवळपास तीन आठवडे तसंच होतं आणि मी रोज त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचो, कारण एकच, साठ-सत्तर टॅब उघडे होते आणि रिलाँच केलं (म्हणजे ब्राउझर बंद करून परत उघडला) तर सगळं जाईल ही भीती. वर मनात समाधान असं की अपडेट तर आपोआप होतंच ना, मग ते बटण असू दे तिथेच. नंतर कळलं की त्या तीन आठवड्यांत माझं ब्राउझर अपडेट झालंच नव्हतं. नवी फाइल डिस्कवर येऊन पडली होती आणि मी वापरत होतो ते जुनंच, भोकं (म्हणजे हल्लेखोराला आत शिरू देणाऱ्या चुका) असलेलं. हे कळल्यावर घरातली बाकीची मशीन तपासली तर प्रत्येकाची वेगळी तऱ्हा निघाली, एकावर अपडेट अडकलेलं, एकावर तर काही वर्षांपूर्वीचं व्हर्जन. त्या सगळ्या उचापतीतून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी हाताशी काय लागेल ते बघा:

- मशीनचा अॅडमिन पासवर्ड (काही वेळा मध्येच विचारतं आणि मग शोधाशोध होते)
- तुमच्या मुख्य मेलचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा फोन, कारण क्वचित कधी लॉगिन उडतं
- डिस्कवर दोन-तीन जीबी मोकळी जागा
- चार्जर लावलेला असावा
- पंधरा मिनिटं, ज्यात कुठलाही फॉर्म अर्धवट भरलेला नाही

१. भोक म्हणजे नक्की काय ते एकदा समजून घ्या

हा भाग गाळून पुढे जाऊ नका, कारण हे कळलं नाही तर अपडेट ही नुसती कटकट वाटत राहते.

ब्राउझर हा कॉम्प्युटरवरचा असा प्रोग्राम आहे जो दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड आणून तुमच्या मशीनवर चालवतो. प्रत्येक पानावरचं जावास्क्रिप्ट, फोटो, फॉन्ट, व्हिडिओ हे सगळं कुणीतरी बाहेरच्याने पाठवलेलं असतं आणि ते उलगडून दाखवायचं काम ब्राउझर करतो. हे उलगडणारा कोड लाखो ओळींचा आहे, बराचसा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, आणि त्या भाषेत मेमरीचा हिशोब प्रोग्रामरने स्वतः ठेवायचा असतो. तिथेच चुका होतात. क्रोमियमच्या (क्रोम ज्या मूळ कोडवर बनतो त्याच्या) टीमने २०२० मध्ये स्वतःच सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा बगांपैकी साधारण ७० टक्के हे मेमरी सांभाळण्यातल्या चुकांमुळे आहेत, आणि त्यातले निम्मे 'यूज आफ्टर फ्री' प्रकारचे, म्हणजे मेमरीचा एखादा तुकडा सोडून दिल्यावरही प्रोग्राम त्यालाच हात लावतो, आणि मधल्या वेळात तिथे हल्लेखोराने आपला माल ठेवलेला असू शकतो.

उदाहरण म्हणून सप्टेंबर २०२३ ची गोष्ट घ्या. वेबपी नावाचा फोटोचा फॉरमॅट आहे, हल्ली बऱ्याच साइटवर तो असतो. तो उलगडणाऱ्या लायब्ररीत (अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये), लिबवेबपीमध्ये, एक चूक होती. फोटो दाबून लहान करताना जी तक्ते वापरण्याची पद्धत असते त्या तक्त्यासाठी राखून ठेवलेली जागा मुद्दाम वाकडातिकडा बनवलेला फोटो दिला की कमी पडायची आणि लिहिणं हद्दीबाहेर जायचं. म्हणजे नुसता फोटो दिसला तरी पुरे! तुम्ही काही डाउनलोड करायला नको, कशाला हो म्हणायला नको. अॅपलची सुरक्षा टीम आणि टोरंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी हे कळवलं, नंबर पडला सीव्हीई-२०२३-४८६३, क्रोमचा पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) ११ सप्टेंबरला आला आणि फायरफॉक्सचा लगेच दुसऱ्या दिवशी. आणि ही चूक शोधली गेली तेव्हा तिचा वापर आधीच चालू होता. अशालाच झीरो डे म्हणतात, बनवणाऱ्याला दुरुस्तीसाठी शून्य दिवस मिळालेले असतात म्हणून.

सीव्हीई म्हणजे काही भयंकर नाही, भोकाचा नोंदणी क्रमांक आहे फक्त, वर्ष आणि पुढे अनुक्रमांक. बातमीत दिसला तर तोच नंबर तुमच्या ब्राउझरच्या रिलीज नोट्समध्ये (अपडेटमध्ये काय बदललं त्याच्या यादीत) शोधता येतो, एवढाच त्याचा आपल्याला उपयोग.

"पण ब्राउझरमध्ये सँडबॉक्स असतो ना" असं कुणीतरी म्हणेलच. असतो, आणि चांगला असतो, पानाचा कोड एका बंद खोलीत चालतो आणि तिथून तुमच्या फाइलींपर्यंत सरळ हात पोचत नाही. पण मग हल्लेखोर दोन भोकं जोडतात, एक खोलीत शिरायला आणि दुसरं खोलीतून बाहेर पडायला. ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्सच्या बाबतीत असंच झालं, अॅनिमेशनच्या भागातला एक बग (सीव्हीई-२०२४-९६८०) आणि त्याला जोडून विंडोजमधला दुसरा, पान उघडलं की काम झालं, क्लिकची गरजच नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने साधारण २५ तासांत दुरुस्ती बाहेर काढली, व्हर्जन १३१.०.२. पंचवीस तास! आणि आपण एक बटण तीन आठवडे दाबत नाही.

२. पॅच आला की धोका वाढतो, कमी नाही होत (तुम्ही तो लावला नसेल तर)

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मला वाटायचं भोक बुजवलं, विषय संपला. पण क्रोमियम हा ओपन सोर्स आहे, दुरुस्तीचा कोड सगळ्या जगाला दिसतो, आणि ज्याला वाचता येतो त्याला दुरुस्ती बघून मूळ चूक काय होती हे उलटं शोधून काढता येतं. म्हणून तर गूगल रिलीज नोट्समध्ये लिहितं की बहुतेक लोकांकडे दुरुस्ती पोचेपर्यंत बगचा तपशील बंद ठेवू. कोड दिसायला लागल्यापासून तो तुमच्या मशीनवर पोचेपर्यंतचा जो काळ असतो त्याला पॅच गॅप म्हणतात. क्रोमच्या ७७ व्हर्जनच्या आधी हा सरासरी ३५ दिवस होता, मग दर दोन आठवड्यांनी सुरक्षा अपडेट द्यायला लागले आणि तो १५ दिवसांवर आला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ११६ व्हर्जनपासून सुरक्षा अपडेट दर आठवड्याला यायला लागलं. त्यांनी त्यांच्या बाजूचा गॅप एवढा कमी केलाय, उरलेला आपल्या हातात आहे.

"दर आठवड्याला कसलं अपडेट" म्हणून वैतागणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे. मीही वैतागायचो.

३. आधी हातातलं काम आवरा

रिलाँच केल्यावर साधे टॅब परत येतात, पण तीन गोष्टी येत नाहीत आणि त्यातल्या दोन मी गमावून बसलोय:

- अर्धवट भरलेला फॉर्म. मी एकदा चार पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर असताना रिलाँच दाबलं. टॅब परत आला, अर्ज पहिल्या पानावर, कोरा.
- इनकॉग्निटो म्हणजे प्रायव्हेट विंडो. त्या परत उघडतच नाहीत, त्यांचा उद्देशच तो आहे.
- चालू असलेलं डाउनलोड. हे माझ्या बाबतीत झालं नाही पण मोठी फाइल चालू असेल तर होऊ द्या पूर्ण, मग करा.

टॅबची भीती घालवायला क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये ऑन स्टार्टअप म्हणून भाग आहे, तिथे 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' निवडा. एजमध्ये तसंच आहे, फायरफॉक्समध्ये जनरलखाली 'ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्स'. आणि तरी काही गायब झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा, बंद झालेली अख्खी विंडो परत येते. माझे साठ-सत्तर टॅब एकही न हलता परत आले, तीन आठवडे उगाच घाबरलो. (त्यातले पन्नास नंतर मीच बंद केले, कशाला उघडले होते तेच आठवेना.)

बुकमार्कची एक कॉपी एक्सपोर्ट करून ठेवा, एकदाच करायचं काम आहे, बुकमार्क मॅनेजरमध्ये सापडेल.

४. व्हर्जन बघा, आणि मेनूतूनच बघा

क्रोम: उजवीकडचे तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम.
एज: तीन ठिपके, हेल्प अँड फीडबॅक, अबाउट मायक्रोसॉफ्ट एज.
फायरफॉक्स: तीन रेघा, हेल्प, अबाउट फायरफॉक्स.
सफारी: याला स्वतःचं असं बटण नाही, मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट.

हे पान नुसतं उघडलं तरी ब्राउझर लगेच सर्व्हरला विचारतो नवीन काही आहे का, आणि असेल तर तिथेच डाउनलोड सुरू करतो. आपोआप व्हायची वाट बघत बसलात तर अपडेट टप्प्याटप्प्याने सोडलेलं असतं, काही लोकांना आज आणि काहींना चार-आठ दिवसांनी. घाई असेल तर हे पान उघडायचं.

क्रोमचा आकडा चार भागांत असतो, जसं ११६.०.५८४५.१८७. इथे लोक फसतात. मित्राला फोन केला, तो म्हणाला माझं पण ११६ आहे, म्हणजे ठीकच असेल. नाही हो! वेबपीचं भोक बुजवलं तेव्हा ११६ तसंच राहिलं होतं, बदलला तो फक्त शेवटचा आकडा. त्यामुळे ताडून बघायचं असेल तर चारही भाग बघा.

५. रिलाँच, म्हणजे खरं काम

डाउनलोड झाल्यावर 'रिलाँच' किंवा 'रीस्टार्ट' असं बटण दिसतं. ते दाबेपर्यंत मेमरीत चालतोय तो जुनाच प्रोग्राम. नवीन फाइली शेजारी तयार ठेवलेल्या असतात पण चालू असलेल्या प्रोग्रामच्या जागी त्या आपोआप येऊन बसत नाहीत.

क्रोम त्याच्या कोपऱ्यातल्या बटणाचा रंग बदलून किती दिवस झाले ते सांगतो: हिरवा म्हणजे अपडेट येऊन दोनेक दिवस, केशरी म्हणजे चारेक दिवस, लाल म्हणजे निदान आठवडा. मला हा रंगांचा अर्थ माहीतच नव्हता, लाल म्हणजे काहीतरी जाहिरात असेल असं वाटायचं.

आता यात दोन सापळे आहेत. "मी तर रोज रात्री ब्राउझर बंद करतो" म्हणणारे लोक यात हमखास सापडतात.

मॅकवर खिडकीच्या कोपऱ्यातलं लाल बटण दाबलं की खिडकी बंद होते, प्रोग्राम चालूच राहतो. खाली डॉकमध्ये आयकॉनखाली ठिपका दिसत असेल तर तो जिवंत आहे. कमांड आणि क्यू दाबल्याशिवाय बंद झाला असं समजू नका.

विंडोजवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली एक पर्याय असतो, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंडला अॅप चालू ठेवायचा. तो चालू असेल आणि तसं एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) असेल तर फुली मारली तरी क्रोम मागे चालूच. मी तो पर्याय बंद करून टाकला, आजपर्यंत काही अडलं नाही.

आणि लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे, हे आमच्या घरी अजून पटलेलं नाही. झाकण मिटलं की मशीन झोपतं, उठल्यावर तोच जुना ब्राउझर जिथल्या तिथे. एका लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर मशीन ४३ दिवस रीस्टार्ट झालेलं नव्हतं, आणि वापरणारी व्यक्ती शपथेवर सांगत होती की मी रोज बंद करते.

रिलाँच झाल्यावर परत अबाउटच्या पानावर जा. आकडा बदललाय आणि 'अप टू डेट' लिहिलंय हे डोळ्यांनी बघा, मग उठा.

६. मोबाइलवर

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर, वरचा प्रोफाइल फोटो, मॅनेज अॅप्स अँड डिव्हाइस, तिथे अपडेट बाकी असलेल्या अॅपची यादी दिसेल. ऑटो अपडेट चालू असलं तरी ते साधारण फोन वायफायवर, चार्जिंगला आणि रिकामा असताना होतं, मोबाइल डेटावरच सगळं चालवत असाल तर आठवडे निघून जातात. यादीत 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' असं एक कंटाळवाण्या नावाचं अॅप दिसलं तर ते सोडू नका. दुसऱ्या अॅपच्या आत लिंक उघडते आणि पान तिथल्या तिथे दिसतं, बऱ्याचदा ते दाखवणारा हाच असतो. तुम्ही ब्राउझर कितीही ताजा ठेवा, हा जुना राहिला तर त्या पानांना जुनंच इंजिन (पान उलगडून दाखवणारा भाग).

आयफोनचं वेगळं आहे. तिथे सफारी आयओएसच्या सोबतच अपडेट होतो, आणि जवळपास सगळीकडे आयफोनवरचा क्रोम किंवा फायरफॉक्स पण आतून अॅपलचंच वेबकिट इंजिन वापरतो. म्हणजे अॅप स्टोअरमधून क्रोम अपडेट केला तरी इंजिनातलं भोक बुजत नाही, त्यासाठी सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट हाच रस्ता. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं.

७. खोटं अपडेट: इथे मी जवळजवळ गेलोच होतो

एक पीडीएफ जोडायचं टूल शोधत होतो, एक साधीशी साइट उघडली आणि अख्खं पान बदलून तिथे क्रोमचा लोगो, निळं बटण आणि "तुमचं ब्राउझर जुनं झालं आहे, पुढे जाण्यासाठी अपडेट करा" असा मजकूर. दिसायला एकदम खरं. आणि नेमकं तेव्हा मी अपडेटच्या बाबतीत नव्याने जागरूक झालेला, त्यामुळे दाबलं! एक झिप फाइल आली, आत 'अपडेट' नावाची एकच फाइल, आणि मी ती उघडणार तेवढ्यात दिसलं की तिच्या नावाच्या शेवटी जेएस आहे, म्हणजे जावास्क्रिप्टची स्क्रिप्ट. क्रोमचा अपडेट असा का येईल? थांबलो, अबाउटचं पान उघडलं, तिथे स्वच्छ लिहिलेलं की तुमचा क्रोम अप टू डेट आहे. फाइल डिलीट केली आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

ही फसवणूक खूप जुनी आणि चालू असलेली आहे, सुरक्षेतले लोक तिच्या एका मोठ्या प्रकाराला सॉकघोलिश म्हणतात. कुणाचीतरी चांगली साइट हॅक करून तिच्यात हे पान घुसवलेलं असतं, त्यामुळे साइट ओळखीची आहे म्हणून विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

यावर माझा एकच नियम आहे. अपडेट कधीही वेबपानाच्या आत येत नाही. पानाने सांगितलं की तुमचं ब्राउझर जुनं आहे तर पान बंद करायचं आणि मेनूला विचारायचं.

हल्ली याचा आणखी एक भाऊ निघालाय. पान म्हणतं तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा, त्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. ते तीन स्टेप करताना तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांनी क्लिपबोर्डवर ठेवलेली कमांड चालवत असता. याला कुठलाच पॅच नाही, कारण भोक ब्राउझरमध्ये नसतंच इथे. विंडोज आणि आरने उघडणाऱ्या रन बॉक्समध्ये काहीतरी पेस्ट करायला सांगणारं पान दिसलं की सरळ टॅब बंद.

८. अपडेट अडकलं तर

कारणं बहुतेक साधी असतात, मला भेटलेली सांगतो.

डिस्क भरलेली. सगळ्यात जास्त वेळा हेच. एरर मात्र भलतंच काहीतरी दाखवतं, जागेचा उल्लेखही नसतो.

तारीख चुकीची. जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी मेली की मशीन उठल्यावर तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षात जाते, मग सर्टिफिकेट जुळत नाहीत आणि अपडेटच्या सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शनच होत नाही. आधी घड्याळ दुरुस्त करा.

मॅकवर ब्राउझर डाउनलोड केलेल्या डिस्क इमेजमधूनच चालवला जातोय, अॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ओढून टाकलेलाच नाही. चालतो व्यवस्थित, पण स्वतःला बदलू शकत नाही. बंद करा, फोल्डरमध्ये टाका, तिथून उघडा.

मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय. ऑफिसचं मशीन असेल तर ठीक, अपडेट त्यांच्या हातात आहे, आयटीवाल्यांना एक मेल टाका आणि स्वतः काही उद्योग करू नका. पण घरच्या मशीनवर हे दिसलं तर जरा शोध घ्या. काही अँटीव्हायरस पण तशी पॉलिसी लावतात म्हणून लगेच घाबरायला नको, पण काही फालतू सॉफ्टवेअरही लावतात.

यातलं काहीच नसेल तर ब्राउझर बनवणाऱ्याच्या साइटवरून इन्स्टॉलर घेऊन वरूनच इन्स्टॉल करा, आधी काढून टाकायची गरज नाही, बुकमार्क आणि पासवर्ड प्रोफाइलमध्ये वेगळे असतात ते तसेच राहतात. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमधल्या वरच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, तिथेही खोटे इन्स्टॉलर असतात.

९. एक्स्टेन्शन आणि लपलेले ब्राउझर

एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतात, आणि इथे तोच गुण उलटा पडू शकतो. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवायचं, वीस लाखांच्या वर लोक वापरायचे. २०२० मध्ये ते मूळ मालकाने दुसऱ्याला दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर आहे म्हणून ते काढून टाकलं आणि लोकांच्या मशीनवर बंदही केलं. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, मालक बदलल्याचं बहुतेकांना कळलंही नाही. त्यामुळे यादी उघडा आणि जे सहा महिन्यांत वापरलं नाही ते काढा. माझ्याकडे चौदा निघाली, आता तीन आहेत.

लपलेले ब्राउझर म्हणजे असं की स्लॅक, डिस्कॉर्ड, व्हीएस कोड ही सगळी डेस्कटॉप अॅप आतून इलेक्ट्रॉनवर बनलेली आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात स्वतःचं वेगळं क्रोमियम बसलेलं. वेबपीच्या वेळी क्रोम दुरुस्त झाला तरी या प्रत्येकाला आपापलं अपडेट काढावं लागलं होतं. त्यांनाही अधूनमधून पूर्ण बंद करून उघडा, त्यांचंही अपडेट असंच रीस्टार्टची वाट बघत बसतं.

आणि न वापरता पडलेला दुसरा ब्राउझर असेल तर एक तर तोही अपडेट करा नाही तर काढून टाका. कधीतरी एखादी लिंक त्यातच उघडते. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, एज हे सगळे क्रोमियमवरच आहेत, म्हणजे क्रोममधलं भोक बहुतेक वेळा यांच्यातही असतं आणि पॅच थोडा मागून येतो.

१०. मशीनच जुनं असेल तर

काही वर्षांपूर्वीचं व्हर्जन म्हणालो ना सुरुवातीला, ते विंडोज ७ वरचं होतं. अबाउटच्या पानावर १०९ आणि खाली असं काहीतरी की या कॉम्प्युटरला इथून पुढे क्रोमची अपडेट मिळणार नाहीत. विंडोज ७ आणि ८.१ साठी १०९ हेच शेवटचं, जानेवारी २०२३ चं. इथे कितीही वेळा रिलाँच करा, काही होणार नाही. इंटरनेट एक्सप्लोरर वापरणारं कुणी अजून असेल तर तो जून २०२२ मध्ये निवृत्त झालाय, आणि फ्लॅश मागणारं पान दिसलं तर ते खोटं समजा, फ्लॅशचा पाठिंबा २०२० च्या शेवटी संपला.

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ब्राउझर त्यावर अजून काही काळ अपडेट होत राहतील, एजचं तर मायक्रोसॉफ्टने निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत सांगितलंय, पण फायरफॉक्सच्या गोष्टीत दुसरं भोक विंडोजचंच होतं हे विसरू नका. ब्राउझर ताजा आणि खालची सिस्टिम शिळी असं फार दिवस ओढू नये.

त्या विंडोज ७ वाल्या लॅपटॉपवरच्या फाइली बाहेर काढल्या, सेव्ह केलेले पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले (त्याच मशीनवरून बदलण्यात काय अर्थ), आणि त्यावर एक हलकं लिनक्स टाकलं. तिथे फायरफॉक्स सिस्टिमच्या बाकी पॅकेजसोबत अपडेट होतो, आणि कधीकधी वापरता वापरता नवीन टॅब उघडला की पानाऐवजी रीस्टार्ट करा असा निरोप येतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा काहीतरी बिघडलं म्हणून मला फोन आला होता. बिघडलेलं काही नसतं, खालून फाइली बदलल्या गेलेल्या असतात, बटण दाबायचं, टॅब परत येतात.